गाडी माझी, धूर कुणाचा?

गाड्या 'मॉडिफाय' करणारे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच पात्र येतं. रात्री बाराला सायलेन्सरमधून फटाके वाजवत सोसायटीखालून बुलेट नेणारा पोरगा. पोलीस असे सायलेन्सर अधूनमधून जप्त करतात, रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि आपल्याला बरं वाटतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. झोप मलाही प्यारी आहे.

मला बोलायचंय ते दुसऱ्या एका पात्राबद्दल. त्याची गाडी चारचौघींसारखी पांढरी. आवाज शोरूममधून आणली तेव्हा होता तेवढाच. बदललीय ती फक्त गाडीच्या कंप्युटरमधली एक फाइल. त्या फाइलमुळे गाडी शंभराच्या जागी सव्वाशे हॉर्सपॉवर देते, घाटाच्या चढावर दम सोडत नाही, आणि तिच्या नळकांड्यातून नक्की काय बाहेर पडतं हे कुणालाच ठाऊक नसतं. बहुधा त्यालाही. माझ्या ओळखीत अशी पाच-सहा मुलं आहेत. बहुतेक माझ्यासारखीच इंजिनिअर होऊन सॉफ्टवेअरमध्ये आलेली, पगार बरा, गाडीचा हप्ता चालू. मुलं चांगली आहेत. ओला-सुका कचरा वेगळा करतात, रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबतात. ती जे करतात ते चूक आहे का?

कायद्यानं चूक आहे, हे आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कडकपणे अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ बदललं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण 'बेकायदा आहे म्हणून चूक' एवढ्यावर थांबायचं असेल तर लेख इथंच संपतो. हेल्मेटची सक्ती नव्हती तेव्हाही डोकं फुटतच होतं. कायदा बाजूला ठेवला तर या कृतीत वाईट काय उरतं, हे मला शोधायचंय.

फाइलीत काय असतं

इंजिनाला कधी किती इंधन द्यायचं, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोनं किती हवा कोंबायची हे ईसीयू नावाचा छोटा कंप्युटर ठरवतो. त्याच्याकडे कोष्टकं असतात, शेकडो. आडवे इंजिनाचे फेरे, उभा इंजिनावरचा भार, आणि चौकटीत आकडा: इतकं इंधन. या कोष्टकांना 'मॅप' म्हणतात. ट्यूनर ती वाचून घेतो, काही आकडे बदलतो आणि परत लिहितो. हा झाला रिमॅप. नुसत्या फाइलीवर भागलं तर 'स्टेज वन', जोडीला एक्झॉस्ट, इंटरकूलर वगैरे बदललं तर पुढच्या स्टेज.

जास्त ताकद फाइलीतच दडलेली होती तर कंपनीनं ती का दिली नाही? हा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो, आणि उत्तर ऐकल्यावर कंपनीनं आपल्याला फसवल्याची भावना त्याच्या मनात तयार होते. वस्तुस्थिती तशी नाही. तीच फाइल मे महिन्यातल्या नागपुरात चालली पाहिजे आणि जानेवारीतल्या लेहमध्येही. भेसळीचं डिझेल पचवलं पाहिजे, सर्व्हिसिंग चुकवणारा मालक सहन केला पाहिजे, वॉरंटी संपेपर्यंत टर्बो टिकला पाहिजे, आणि धुराच्या मर्यादा पाळल्या पाहिजेत. प्रत्येक कोष्टकात या सगळ्यांसाठी थोडी थोडी शिल्लक राखलेली असते. ट्यूनर ती शिल्लक काढून देतो.

माझ्या मते सगळा नैतिक प्रश्न या 'शिल्लक' शब्दात आहे, कारण ती एका मालकीची नाही. क्लच लवकर झिजला, टर्बो गेला, वॉरंटी नाकारली, तर भुर्दंड गाडीच्या मालकाला. ही शिल्लक त्याची. ती त्यानं आज उडवावी की दहा वर्षं पुरवावी, हे इतर कुणी सांगू नये. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या इंजिनाचं आयुष्य मजेसाठी कमी करणं हा मूर्खपणा असू शकेल, अनीती नव्हे. धुरासाठी राखलेली शिल्लक मात्र त्याची नाही. कंपनीचीही नाही. ती मागच्या गाडीतल्या, शेजारच्या रिक्षातल्या, चौकात आठ तास उभ्या असलेल्या हवालदाराच्या फुप्फुसांच्या वतीनं तिथं ठेवलेली आहे. जमिनीला सातबारा असतो, हवेला नसतो. म्हणून तिच्यावर कुणाचा हक्क नाही असं होत नाही. सगळ्यांचा आहे, एवढंच होतं.

सगळे रिमॅप सारखे नसतात

इथं तांत्रिक तपशिलात थोडं शिरावं लागेल, कारण या विषयावरची बहुतेक भांडणं तो गाळल्यामुळे होतात.

पेट्रोल गाडीत धूर साफ करायचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे नॉक्स, या तिघांना एकदम निपटतो, पण एका अटीवर: हवा आणि इंधनाचं प्रमाण नेमकं हवं. शुद्ध पेट्रोलला ते वजनानं साधारण १४.७ भाग हवा, एक भाग पेट्रोल असं असतं. जास्त ताकद काढताना इंजिन थंड राखायला जादा पेट्रोल सोडलं जातं आणि तेवढा वेळ हे प्रमाण ढळतं. पण कन्व्हर्टर जागेवर असेल आणि ट्यूनरनं रोजच्या, हलक्या पायाच्या वापरातली कोष्टकं नीट राखली असतील, तर शहरात चालताना ती गाडी पूर्वीपेक्षा फारशी घाण असेलच असं नाही. कन्व्हर्टर काढून तिथं सरळ पाइप लावला, की मामला पूर्ण बदलतो.

डिझेलचं दुखणं आणखी अवघड. डिझेल जास्त तापमानाला जाळलं तर काजळी कमी, नॉक्स जास्त. कमी तापमानाला जाळलं तर उलट. म्हणून ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनात घालून तापमान उतरवतो, आणि त्यामुळे वाढलेली काजळी पुढे डीपीएफ नावाच्या गाळणीत अडकते. बीएस-४मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नॉक्स चालत होता, १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६मध्ये ८०. सूक्ष्म कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५वर आली. आपण मधली बीएस-५ची पायरी गाळून थेट सहाव्या पायरीवर उडी मारली. कित्येक छोटी डिझेल इंजिनं त्या उडीत बादच झाली, कारण ही सगळी साधनं बसवायचा खर्च लहान गाडीला परवडेना.

आता ही गाळणी तुंबते. ती साफ व्हायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते हायवेवर सलग पळवल्याशिवाय सहज येत नाही. घर ते ऑफिस बारा किलोमीटर, त्यात वीस सिग्नल अशा वापरात डॅशबोर्डवर दिवा लागतो. नवीन गाळणीचा खर्च ऐकून मालकाचे डोळे पांढरे होतात. मग कुणीतरी गॅरेजवाला कानात सांगतो: "काढून टाका साहेब. फाइलीतूनपण काढून देतो, दिवापण लागणार नाही. पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल."

गॅरेजवाला खोटं बोलत नाही. पिकअप खरंच सुधारतं. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. आपण समजतो तसा तो 'उडाणटप्पू विरुद्ध जबाबदार नागरिक' असा नाही. अनेकदा समोर असतो तो कंटाळलेला, पैसे वाचवू पाहणारा, दोन मुलांचा बाप.

'एका गाडीनं काय होतंय?'

या मुलांशी बोलताना सगळ्यात आधी हे वाक्य येतं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी २००५ साली याच वाक्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचं उदाहरणही गाडीचंच: रविवारी दुपारी, काही काम नसताना, केवळ मजा म्हणून तेलखाऊ एसयूव्ही घेऊन फेरफटका मारायला जाणं. त्यांचं म्हणणं असं की माझ्या या एका फेरीमुळे पृथ्वी तापत नाही आणि मी घरी बसलो म्हणून तापायची थांबत नाही. तेव्हा ती फेरी नैतिकदृष्ट्या चूक आहे हे सिद्ध करणारं कुठलंच तत्त्व टिकत नाही. खरी जबाबदारी आहे ती सरकारांना कृती करायला लावण्याची.

त्याआधी १९८४मध्ये डेरेक पार्फिट यांनी उलट्या बाजूनं दाखवलं होतं की 'माझा वाटा जाणवतसुद्धा नाही, म्हणून तो शून्य' हा हिशेबच चुकीचा आहे. हजार माणसांनी प्रत्येकी न जाणवण्याइतकं बटण फिरवलं आणि शेवटी कुणाला तरी असह्य वेदना झाल्या, तर 'मी काहीच केलं नाही' असं त्या हजारांपैकी प्रत्येकजण म्हणू शकेल काय? आपल्याकडे थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते पैशाबद्दल. धुराचंही तेच.

या दोघांचा वाद कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत अजून मिटलेला नाही, आणि तो इथं मिटवायची गरजही नाही. कारण आपली गोष्ट वेगळी आहे, दोन कारणांनी.

पहिलं, कार्बन डायऑक्साइड जगभर पसरतो. त्याचा बळी कोण, हे बोट दाखवून सांगता येत नाही. नॉक्स आणि काजळीचे कण सगळ्यात दाट असतात ते रस्त्याच्या काठाला. मुंबईतली गाडी काजळी ओकते तेव्हा ती आधी मुंबईतल्याच कुणाच्या तरी छातीत जाते: भाजीवाली, वॉचमन, बसथांब्यावरची शाळकरी मुलं. सिनॉट-आर्मस्ट्राँग यांच्या युक्तिवादातलं 'माझ्या कृतीनं अमुक एकाचं नुकसान होतं असं दाखवता येत नाही' हे वाक्य इथं बरंच लंगडं पडतं.

दुसरं कारण आकड्यांचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. 'एका गाडीनं काय होतंय' या वाक्यात गृहीत धरलंय की एक गाडी म्हणजे एक गाडी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, नोव्हेंबर २०२०मध्ये एक अहवाल काढला. आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांची धूर-नियंत्रणाची साधनं काढून टाकली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. हे ट्रक त्यांच्या उरलेल्या आयुष्यात ५,७०,००० टनांहून जास्त वाढीव नॉक्स सोडतील. तो परिणाम रस्त्यावर आणखी ९० लाख धडधाकट ट्रक आणण्याइतका आहे. भागाकार करून पाहा: एका ट्रकामागे जवळपास एक टन नॉक्स, आणि एक ट्रक म्हणजे सुमारे १६ ट्रक. अमेरिकेतले ते ट्रक दांडगे असतात, त्यांचा आकडा आपल्या हॅचबॅकला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तत्त्व तेच. गाळणी काढलेली गाडी एक गाडी राहत नाही, ती गाड्यांचा ताफा होते. जो माणूस स्वतःला गर्दीतला एक समजतोय तो एकटाच गर्दी झालेला असतो.

थोडक्यात, 'थेंबानं काय होतंय' हा युक्तिवाद थेंबवाल्यांसाठी आहे. बादली घेऊन आलेल्यानं तो वापरू नये.

'आधी त्या टँकरला पकडा'

दुसरं वाक्य हे. आणि त्यात राग असतो, जो मला समजतो. घाटात समोर काळा धूर सोडत सरपटणारा टँकर, त्यामागे आपण काचा लावून. बांधकामांची धूळ, जळणारा कचरा. अशा शहरात बारीकसारीक रिमॅप करणाऱ्याच्या मागे लागणं म्हणजे हत्ती सोडून शेपटी धरणं, असं त्याला वाटतं.

अमेरिकी तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी १९९३मध्ये एक उपयोगी भेद केला होता: जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीसाठीचं उत्सर्जन. दोन्हींना एका तराजूत घालू नका, असं त्यांचं म्हणणं. टँकरमधून पाणी जातं, दूध जातं. तो खटारा बदलायला मालकाकडे पैसे नसतील. त्याचा धूर समर्थनीय आहे असं नाही, पण त्यामागे गरज तरी आहे. शून्य ते शंभरचे दीड सेकंद वाचवण्यामागे ती नाही. 'त्याला सोडता आणि मला पकडता' ही तक्रार व्यवस्थेबद्दल खरी असू शकते, स्वतःच्या कृतीचं समर्थन म्हणून ती तोकडी पडते.

पण शू यांचा तराजू मी थोडा जपून वापरेन. 'चैन' म्हटलं की विषय संपला, असं करण्याची आपल्या मध्यमवर्गीय संस्कारांना सवय आहे. यंत्र उघडून बघणं, ते असंच का चालतं हे समजून घेणं, त्यात बदल करून काय होतं ते पाहणं, याला मी नुसती चैन म्हणणार नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकताना थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवली. वर्गात कोरड्या वाटलेल्या त्या आलेखांचा अर्थ मला नंतर एका मित्राच्या गाडीचे लॉग लॅपटॉपवर उलगडताना लागला. मॅथ्यू क्रॉफर्ड या लेखकानं हातानं काम करण्याच्या मोलाबद्दल पुस्तकं लिहिली आहेत. त्याचा मुद्दा असा की ज्या वस्तू आपल्याला उघडताच येत नाहीत त्या आपल्याला हळूहळू परावलंबी करतात. आपल्या वाडवडिलांना सायकल, पंप, शिलाई मशीन उघडून दुरुस्त करता येत होतं. आपल्या हातात आहे ते सीलबंद. मोडलं की फेका, नवं घ्या. या काळात गाडीच्या ईसीयूत डोकावणारा पोरगा एक जुनी, चांगली परंपरा चालवतोय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्याची ही ओढ टिकवून धूर कसा थांबवायचा, असा प्रश्न मांडला तरच तो प्रामाणिक होईल.

कुलूप कुणाच्या हाती

सरळ उत्तर आहे: ईसीयूला कुलूप लावा. कंपनीशिवाय कुणाला उघडता येऊ नये. हवा सुरक्षित, प्रश्न मिटला.

हे उत्तर खरंच देऊन झालंय, आणि पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९९८च्या कॉपीराइट कायद्यानं सॉफ्टवेअरवरची डिजिटल कुलपं तोडणं गुन्हा ठरवलं. २०१५मध्ये काही संस्थांनी मागणी केली की स्वतःच्या गाडीचं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी, अभ्यासासाठी, कायदेशीर बदलांसाठी उघडायची मुभा मालकाला द्या. ईपीएनं जुलै २०१५मध्ये पत्र लिहून या मागणीला विरोध केला. कारण दिलं: लोक ताकद वाढवायला फाइली बदलतील आणि प्रदूषण वाढेल. बरोबर दोन महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०१५ला, त्याच ईपीएनं फोक्सवॅगनला नोटीस पाठवली. कंपनीच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर आपली चाचणी चालू आहे हे ओळखत होतं. स्टिअरिंगची स्थिती, वेग, किती वेळ इंजिन चालू आहे, हवेचा दाब, यांवरून. चाचणीत गाडी सज्जन व्हायची आणि रस्त्यावर आली की मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नॉक्स सोडायची. जगभरात अशा सुमारे १.१ कोटी गाड्या होत्या. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआयनं रस्त्यावर चाचण्या केल्यानंतर कंपनीनं सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, आणि मार्च २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला, ज्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

म्हणजे ज्या कुलपानं मालकाला बाहेर ठेवलं होतं त्याच्याच आड कंपनी चोरी करत होती. हवालदार दाराशी उभा राहून पोरांना हाकलत होता आणि आत घरमालकच दरोडा घालत होता. चोरी उघडी पडली ती कोडमधून नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीच्या मागे उपकरण बांधून ती शेकडो मैल रस्त्यावर पळवली तेव्हा. त्याच ऑक्टोबरमध्ये मालकांना मर्यादित मुभा मिळाली.

रोजच्या कामात मी कोड लिहितो आणि त्याच्या टेस्टही लिहितो. टेस्ट पास होणं आणि काम बरोबर होणं यांतलं अंतर आमच्या धंद्यात कुणालाही माहीत असतं. फोक्सवॅगनच्या कोडनं टेस्ट अव्वल नंबरानं पास केली होती. म्हणून कुलपावर विश्वास ठेवावा असं मला वाटत नाही, मापावर ठेवावा असं वाटतं. फाइल कुणी लिहिली याला महत्त्व नाही. रस्त्यावर, खऱ्या वापरात, नळकांड्यातून काय बाहेर येतं याला आहे. १ एप्रिल २०२३पासून बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात आपल्याकडेही नव्या मॉडेलांना प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी लागू झाली, ती याच धड्यातून.

आपण काय मोजतो

आणि मग आपल्या पीयूसी केंद्राकडे पाहावं. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, उभ्या गाडीत. डिझेलच्या धुराचा दाटपणा, ॲक्सिलरेटर दाबून. नॉक्स मोजलाच जात नाही. म्हणजे ईजीआर बंद केलेली डिझेल गाडी त्यामुळे वाढलेल्या नॉक्ससाठी पीयूसीत पकडली जाणं शक्यच नाही, कारण त्या परीक्षेत तो विषयच नाही. कागदावर आपला कायदा कॅलिफोर्नियाहून कडक: जवळपास सगळेच बदल बंद. प्रत्यक्षात कानाला ऐकू येईल आणि डोळ्याला दिसेल तेवढंच पकडलं जातं. अलॉय व्हील आणि सायलेन्सरवाला दंड भरतो, गाळणी काढलेला पीयूसीचा कागद घेऊन निघून जातो. रोडरोलर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

कॅलिफोर्नियाची पद्धत वेगळी आहे. तिथं बाहेरचा भाग किंवा ट्यून विकायचा असेल तर आधी चाचणी करून सिद्ध करावं लागतं की त्यानं धूर वाढत नाही. सिद्ध झालं की राज्याचं हवा मंडळ त्याला क्रमांक देतं, तो बॉनेटखाली चिकटवायचा. तपासणीवाला क्रमांक बघतो, आणि २०२१पासून ईसीयूतलं सॉफ्टवेअर मंजूर आहे का हेही बघतो. बदल करायला ना नाही, मात्र धूर वाढत नाही हे दाखवायची जबाबदारी तुझी.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, कारण सीएनजी किटच्या बाबतीत आपण हेच करतो. मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेलं किट, अधिकृत केंद्रात बसवायचं, आरसी बुकात नोंद करायची. २०२२मध्ये बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही ही सोय मिळाली. लक्षावधी लोकांनी इंजिनाचं इंधनच बदललंय, कायदेशीरपणे. मग मंजूर रिमॅप का नसावा? एआरएआयसारख्या संस्थेत तपासलेली फाइल, ठरावीक मॉडेलसाठी, आरसी बुकात नवी हॉर्सपॉवर, हवा तर जादा कर आणि जादा विमा. पुण्यात वेताळ टेकडीला बरेच लोक एआरएआय टेकडी म्हणतात. सकाळी जिथं आम्ही स्वच्छ हवा खायला जातो त्या जागेला धूर मोजणाऱ्या संस्थेचं नाव पडावं, हा योग मला नेहमीच आवडत आलाय. मोजणं आणि श्वास घेणं यांचं नातं पुणेकरांना वेगळं समजवायला नको.

यावर एक खरा आक्षेप आहे. मंजुरीची चाचणी महाग असेल, छोटा ट्यूनर ती करू शकणार नाही, आणि शेवटी हे दुकानही मोठ्या कंपन्यांच्याच हाती जाईल. ही भीती रास्त आहे. मला इथं खुलभर दुधाची कहाणी आठवते. राजानं दवंडी पिटली, सगळं दूध देवळात आणा. लोकांनी वासरांच्या, पोरांच्या तोंडचं काढून ओतलं, तरी गाभारा भरेना. म्हातारीनं सगळ्यांना पाजून उरलेलं खुलभर ओतलं, आणि तो भरला. लहानपणी मी ही गोष्ट भक्तीची समजत होतो. आता ती मला नियम करणाऱ्यांसाठीची वाटते. कोण उपाशी राहतंय हे न बघता काढलेल्या सरसकट हुकुमानं गाभारा भरत नाही. लोक दूध आणल्याचं दाखवतात, किंवा लपवतात. सरसकट बंदीनं आज ट्यूनिंगचा सगळा धंदा तळघरात गेलाय, आणि तळघरात कन्व्हर्टर राखणारा सज्जन ट्यूनर आणि गाळणी कापून भंगारात विकणारा यांच्यात फरक करायला कुणीच नाही. दोघंही सारखेच गुन्हेगार, म्हणून सज्जनपणाला भावच नाही.

मग आज काय करायचं

असा नियम येईल तेव्हा येईल. तोवर त्या मित्रांना माझं उत्तर काय?

माझं उत्तर असं: कायद्याची रेषा आणि नीतीची रेषा सध्या एकमेकींना छेदून जातायत. कन्व्हर्टर, गाळणी, ईजीआर जागेवर ठेवून केलेला जपून रिमॅप बेकायदा आहे, पण त्यात मला मोठं पाप दिसत नाही. त्याची कायदेशीर किंमत मोजायची तयारी ज्याची त्यानं ठेवावी. विम्याचा प्रश्न मात्र त्याच्या एकट्याचा नाही, कारण अपघात दुसऱ्याचाही होतो. कोष्टकं बदलतील, ब्रेक आणि टायर तेच राहतील, हेही विसरू नये. याउलट गाळणी काढणं. ते कदाचित कधीच पकडलं जाणार नाही, पण ते चूक आहे, आणि आज पीयूसीवाल्याला ते मोजता येत नाही म्हणून कमी चूक होत नाही. खर्च परवडत नसेल तर ती तक्रार कंपनीशी आणि सरकारशी करण्यासारखी आहे: बारा किलोमीटरच्या शहरी वापराला ही गाडी विकलीत कशी? पण तिचं बिल बसथांब्यावरच्या मुलांच्या नावानं फाडता येणार नाही.

आणि ट्यूनर मंडळींनी स्वतःही काही ठरवता येईल. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक साधनं लोक स्वतः नियम करून कशी राखतात या अभ्यासासाठी. आपल्या देवराया कुठल्याही वनखात्याच्या आधीपासून अशाच टिकल्या. ज्याच्या शब्दाला ट्यूनिंगच्या जगात मान आहे अशा चार जणांनी 'आम्ही गाळणी काढून देत नाही' असं जाहीर म्हटलं, तर त्याचं वजन दंडापेक्षा जास्त पडेल.

शेवटी एक गोष्ट पुढची. इलेक्ट्रिक गाड्या येतायत आणि त्यांना नळकांडंच नाही. टायर-ब्रेकची धूळ आणि वीजकेंद्राचा धूर उरेल, पण ताकद वाढवल्यानं रस्त्याच्या काठाला नॉक्स वाढणार नाही. तरीही कुलूप आहेच. मर्सिडीजनं २०२२मध्ये अमेरिकेत जाहीर केलं की काही इलेक्ट्रिक मॉडेलांना वर्षाला १,२०० डॉलर भरले तर जास्त वेग पकडता येईल. मोटर तीच, बॅटरी तीच, फक्त सॉफ्टवेअर उघडायचं. आजवर आम्हाला सांगितलं गेलं की इंजिनाच्या फाइलीला हात लावू नका, हवेचा प्रश्न आहे. तो प्रश्न खरा होता, आणि गाळणी काढणाऱ्यांनी तो खरा ठरवला. पण धूर गेल्यावरही कुलूप तसंच राहणार असेल, तर ते आता कुणाच्या फुप्फुसांसाठी आहे, हे विचारायचा आम्हाला हक्क राहील. तो हक्क स्वच्छ हातांनी विचारता यावा, एवढ्यासाठी तरी आज गाळणी जागेवर असू द्यावी.